सुभेदारांनी वाखाणलेला आख्खा मसूर

पुण्यात आमचं हॉटेल हाय. जागा एवढीशी, पण दारात ही रांग. लोकं मुंबईवरनं गाडी करून येत्यात, आमचा आख्खा मसूर खायाला. संगं गरम रोटी आन् माज्या गावाकडचा, लोणंदचा फोडलेला कांदा. पण निम्मी गर्दी मसुरापेक्षा पाटीला भुललीया. पाटी माज्या बायकोनं, साक्षीनं लावली: ‘कडेगावच्या सुभेदार लालासाहेबांनी वाखाणलेला आख्खा मसूर’. शेजारी मिशीवाला फोटो.

सुभेदार म्हंजी तिचं वडील, माजं सासरं; मी त्यास्नी मामा म्हणतो. फोटो खरा, मिशी खरी, हुद्दा खरा. फकस्त मामांनी त्यो मसूर कवा जिभंला लावलाच न्हवता. लेकीला मूल झाल्याबगर तिच्या घरचं पाणीबी प्यायचं न्हाई, ही त्यांची रीत. मामा पुण्याला कवा येत न्हवते, म्हणून आमी बिनघोर हुतो.

रविवारी आले.

पाटीपुढं ताठ हुबं ऱ्हायले आन् हजेरी घेतल्यागत मोठ्यानं वाचली. सगळी रांग सावधान झाली.

“साक्षे, ह्ये मी कवा वाखाणलं?”

“आबा, जाहिरातीत असंच लिवत्यात.”

“फौजेत असतीस तर कोर्टमार्शल झालं असतं तुजं!”

“मग आत या, खावा आन् वाखाणा.”

“लेकीच्या घरचं? नातवंडाबगर?”

“आवं आबा, आता एका मसुरापायी पोर जन्माला घालू व्हय?”

रांगेत एकजण खुदकन हसला. मामांनी त्याच्याकडं नुसतं बगितलं. त्यो पानटपरीच्या आडोशाला गेला.

“पावनं, शिडी आणा,” मामा मला म्हणाले. “मी खाल्लं न्हाई तर पाटी खाली. आन् खाऊन आवडलं न्हाई, तरीबी खालीच. पोटच्या पोरीसाठी खोटं बोलणार न्हाई.”

साक्षीचं तोंड उतरलं. पाटी गेली की रांग गेली. आन् बापानं खाल्लं तरी भ्या हुतंच. गावच्या लग्नात मामा पंगतीला बसले की आचारी मागच्या दारानं पळतोय.

मी शिडी लावली तवर मल्हार आला. आटपाडीकडचा पोरगा, दुचाकीवर घरोघर जेवण पोचवतोय. त्यानं पार्सल उचललं.

“ह्यो कोण?” मामा.

“कंपनीचा माणूस. फोनवर कुणी मागवलं की हितनं उचलून त्याला देतोय.”

“म्हंजी हितनं निगालं की अन्न कंपनीचं? लेकीचं न्हाई?”

“तसंच म्हणा की.”

मामांनी शिडीवरचा पाय खाली घेतला. रस्ता वलांडून समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. जावयाचा हात लागाय नको म्हणून फोनवर मागवायचं सगळं पानवाल्याकडनं करून घेतलं. आमच्या गल्ल्यावर घंटी वाजली. एक आख्खा मसूर, दोन रोट्या. पत्ता, समोरचा बसथांबा. खाली सूचना: ‘बाप म्हणून तूप जास्त घालू नये.’

साक्षीनं डबा भरला.

“मल्हार, समोरच द्यायचाय रं. पळत जा.”

“न्हाई वयनी. नकाशा दावतोय त्या वाटंनंच जावं लागतंय. पुढच्या चौकातनं वळसा.”

मामांनी यस्टीला करावा तसा हात केला. मल्हारनंबी हात हलवला आन् समोरनं निगून गेला. चौकात कुठल्यातरी दादांचा वाढदिवस, डीजेसकट. मल्हार त्यात अडकला. हिकडं साक्षी काचंला नाक लावून हुबी. मसूर गार झाला की घट्ट गोळा, आन् रोटी वातड.

“मी पळत जाऊन गरम रोटी दिऊ का?”

“तुजा हात लागला की लेकीचं झालं,” मी म्हणलो.

शेवटी मल्हार पोचला. मामांनी डबा उघडला. सगळी रांग आमच्याकडं पाठ करून बसथांब्याकडं तोंड करून हुबी. मामांनी पयला घास उचलला आन् मधी बस यिऊन थांबली. एक आजीबाई उतरंना, पिशवी अडकली. बस गेली तवर डबा रिकामा, मामा त्यात बोट फिरवत हुते. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आन् फोन हातात घेतला.

आमची घंटी वाजली. पाचपैकी तीन तारे.

साक्षी मटकन खाली बसली. “तीनच?”

मी खालचं वाचलं: ‘मसूर एक नंबर. हिच्या आईच्या हातालाबी ही चव न्हाई, पण ह्ये तिला, मनुबाईला कळू नये. दोन तारे रोटीचं कापलं. रोटी गार.’

ह्ये सगळ्या जगाला दिसतंय, ह्ये मामांना ठावं न्हवतं. साक्षी हसताहसता रडाय लागली. माजाबी जीव भांड्यात पडला.

मामा परत आले, शिडी चढले. त्यांनी खडू घेतला आन् पाटीखाली लिवलं: ‘रोटी सोडून.’ उतरले, लांबनं बगितलं.

“आता खरं हाय.”

टपरीआडचा माणूस हळूच पुढं आला. “आमालाबी सुभेदारांनी खाल्ली तसलीच गार रोटी मिळंल का?” त्याच्यामागं आनखी चारजणांनी तीच मागितली.

आनंदाच्या भरात साक्षीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “घ्या आबा, तिखट लागलं आसंल.”

मामांनी हात मागं घेतला.

“ठिव त्यो. मल्हार गेला का हाय?”