एकोणीस काड्या

अकरावी बांबूची काडी मातीच्या भांड्यात पडली; एका साक्षीला एक काडी.

"पाहिलंस की ऐकलंस?" यू गुरुजींनी पुढच्याला, पाओ खाटकाला विचारलं.

"ऐकलं, गुरुजी. अहो, सगळ्या गावाच्या तोंडी आहे! मेलेला कुआंग कोठाराच्या छपरावर फिरत होता, अन् लगेच आग लागली."

"डोळे नाहीत, तर कान तरी आहेत," म्हणत गुरुजींनी बारावी टाकली.

गुरुजी मूळचे सुतार, आता गावचा न्याय करायचे. भिंतीला ओळंबा लागतो तसा बोलण्यालाही लागतो, असं ते म्हणत. कुठलंही म्हणणं तीन मापांनी तपासायचं: जुन्या राजांनी तसं मानलं होतं का, लोकांच्या डोळ्याकानांनी अनुभवलं का, आणि मानल्याने लोकांचं भलं होतं का. भुताचं म्हणणं पहिल्या मापाला सकाळीच उतरलं. जुन्या राजांच्या नोंदींत भुतं पोत्याने सापडतात. तिसऱ्यालाही उतरलं, कारण भुताच्या धाकाने चोर घाबरतो. राहिलं दुसरं माप.

अंगणाच्या मधोमध कुआंगवहिनी दोरीने बांधलेली बसली होती. नवरा तट बांधायच्या वेठीवर मेला, त्या रागाने तिनेच त्याचं भूत सरकारी कोठारावर घातलं, असा आरोप. खरा ठरला तर तिचा डावा पाय तोडणार. साक्ष खोटी निघाली तर साक्षीदाराचा.

आणि भांड्यातली पहिली काडी माझी होती. "पाहिलं," असं सांगणारा मी एकटाच.

खरं सांगतो, भूतबीत काही नव्हतं. कोठाराचा पहारेकरी मी. दुपारी राळ्याची पेज जरा जास्तच झाली, थंडी म्हणून शेगडी पायाशी ओढली आणि डोळा लागला. जागा झालो तर छपराचं गवत पेटलेलं. लोक ओरडत आले, "शेंग, काय झालं रे?" माझी तर पाचावर धारण बसली. पायात वहिनीने विणलेल्या गवती चपला होत्या, म्हणूनच ते नाव सुचलं असेल. मी ओरडलो, "कुआंग! छपरावर कुआंग!"

आता अंगणात शेजारी बसलेल्या बायकोने माझी बाही ओढली. तिला सगळं ठाऊक होतं. "तोंडातून ब्र काढाल तर बघा," ती कुजबुजली. "पाय गेल्यावर खायचं काय? माती?"

भित्रा माणूस आहे मी, जन्माचा.

एकोणिसावी काडी पडली. "तिन्ही मापांना उतरलं," गुरुजी म्हणाले. "बाई, तुला काही बोलायचंय?"

वहिनीने मान वर केली. "तेरा वर्षं त्या माणसाच्या पाठीला पाठ लावून झोपले, गुरुजी. गेल्यापासून रोज दाराकडे बघते. येणारच होता, तर आधी माझ्याकडे नसता का आला?"

पाओ खाटीक फिदीफिदी हसला. मला मात्र बसवेना. मी कधी उठलो ते कळलंच नाही. डावा पाय आपोआप उजव्याच्या मागे लपला.

"गुरुजी, माझी काडी परत द्या."

"का?"

"मी काही पाहिलं नाही. झोपलो होतो. शेगडी माझी होती."

बायकोने तोंडात पदर कोंबला. गुरुजींनी भांडं मांडीवर घेतलं आणि एकेकाला विचारायला लागले, "तू कुणाकडून ऐकलंस?"

"शेंगकडून."

"माझ्या जावेकडून. तिला शेंगने सांगितलं."

"पाओकडून."

"अन् पाओ, तू?"

"शेंगकडूनच की," पाओ खाली बघत म्हणाला.

दर उत्तराला एक काडी बाहेर. भांडं रिकामं झालं तेव्हा गुरुजींनी ते पालथं घातलं. "एकोणीस मोजले मी," ते म्हणाले. "होता एकच. माप खोटं नव्हतं, मोजणारा चुकला."

शिपायाने वहिनीची दोरी सोडली आणि तीच मला बांधली. दोरी अजून गरम होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मला न्यायच्या आधी, वहिनी कोठडीच्या दाराशी आली. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्याही. "मेल्या, नाव घ्यायला दुसरा कुणी मेलेला सापडला नाही तुला?" मग पदराआडून तिने कोवळ्या गवताची नवी चप्पल काढली आणि गजांमधून आत सरकवली. माझ्या पायाचं माप तिला पाठ होतं.

एकच होती, उजव्या पायाची.