कोबीच्या पिंपातला सरदार

मी दगड बोलतोय. साधा, नदीतला, अंगाने गोल, वजनाने अकरा किलो. माणसं चिडली की एकमेकांना 'दगड आहेस नुसता' म्हणतात, त्याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. माझ्यावर एकेचाळीस पानांचा निबंध लिहिला गेलाय. असं म्हणणाऱ्यांपैकी एकावर तरी लिहिलाय का कुणी?

मी कुठल्या डोंगरातून सुटलो ते आठवत नाही. जाग आली तेव्हा क्रुशेव-दोल गावाखालच्या नदीच्या काठाशी होतो. गावातल्या पोरी माझ्यावर लोकरीचे गालिचे आपटून धुवायच्या. एके दुपारी स्तोयमेन नावाचा एकोणीस वर्षांचा दांडगट तरुण आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून छिन्नी काढली आणि जीभ बाहेर काढून माझ्या पोटावर काहीतरी कोरत बसला. मला भयंकर गुदगुल्या झाल्या. काय कोरलं ते मला कळलं नाही. दगडाला आपलं पोट दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी मी शाळेत कुठे गेलो होतो?

तीन वर्षांनी स्तोयमेन ढकलगाडी घेऊन पुन्हा आला. तोवर त्याचं ब्लागुनाशी लग्न झालं होतं आणि नव्या संसारातल्या पहिल्या कोबीच्या पिंपावर ठेवायला ब्लागुनाला दगड हवा होता. आमच्या गावात शरद सरता सरता घरोघर कोबीचे गड्डे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. वर जड दगड नसला तर गड्डे तरंगतात, आणि तरंगलेला कोबी सडतो, म्हणजे हिवाळाभर घराची शोभा. स्तोयमेनला आयुष्यात नीट ठाऊक असलेला दगड एकच, तो म्हणजे मी. अर्ध्या वाटेत त्याला माझं पोट आठवलं. त्याने गाडी थांबवली, मला उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "मेलो!" पण तोवर ब्लागुना फाटकात उभी होती.

"अगबाई, किती गोल आहे हो! हाच राहू दे."

राहिलो. पोट खाली, पाठ वर. एकेचाळीस हिवाळे.

त्या एकेचाळीस वर्षांत स्तोयमेनने मला बायकोला एकदाही उचलू दिलं नाही. "तू नको, तुझी कंबर धरेल," म्हणायचा. ब्लागुना गावभर सांगत सुटायची, "भांडी विसळायला सांगितलं की ऐकू येत नाही याला, पण पिंपाचा दगड मात्र मला उचलू देत नाही. नवरा असावा तर असा!" दर वर्षी तो मला एकटा घासायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा आणि सुस्कारा टाकून पुटपुटायचा, "अजून आहेच." तो सुस्कारा भीतीचा होता की आनंदाचा, हे मला आजही सांगता येत नाही. मी खूप विचार केलाय. मला दुसरं काम नसतं.

एकेचाळिसावा हिवाळा सरला आणि वसंतात स्तोयमेन गेला. शरदात ब्लागुनाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मला बाहेर काढलं, अंगणात टेकवलं आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसत आत मीठ आणायला गेली. तिचा चष्मा घरातच होता. नेमके त्याच वेळी ग्लिगोर मास्तर आले.

ग्लिगोर मास्तर म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि गावच्या प्रादेशिक इतिहास मंडळाचे चिटणीस. मंडळात चार सभासद. एक मास्तर, एक त्यांचा मेहुणा, एक दातांचे डॉक्टर आणि एक गृहस्थ, जे सहा वर्षांपूर्वी वारले होते पण त्यांचं नाव असलेले मंडळाचे छापील कागद संपले नव्हते. मंडळाला नगरपालिकेने बाजारात एक खोली दिली होती आणि उपनगराध्यक्ष स्पासे यांना ती आता सट्ट्याच्या दुकानाला द्यायची होती. "मास्तर, तुमच्या परिसंवादाला येतं कोण?" ते विचारायचे. प्रश्न रास्त होता. आदल्या वर्षी 'आपल्या दरीतील मेंढ्यांच्या घंटा' या विषयाला सात माणसं होती. त्यातली दोन पावसासाठी आत शिरली होती आणि एक झोपलं होतं. यंदाही गर्दी झाली नाही, तर खोली जाणार हे ठरलेलं होतं.

मास्तर आले होते ते आदल्या दिवशीच्या बारशातली दारू उतरवायला ब्लागुनाकडून कपभर कोबीचं खारं पाणी मागायला. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि दारू आपोआप उतरली.

"ब्लागुना! ब्लागुना! हा दगड कुठला?"

"पिंपावरचा. का? चावला?"

मास्तर गुडघ्यांवर बसले. माझ्यावरची अक्षरं खाऱ्या पाण्याने निम्मी झिजली होती. ते बोट फिरवत वाचू लागले, "दे... स... पो... पुढचं झिजलंय... मग मो... देस्पोट! अगं, देस्पोट! राजाच्या खालोखालचा सरदार! देस्पोट मोयसेय! सहाशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आणि तू त्याच्याखाली कोबी ठेवतेस?"

"मग सरदाराच्या डोक्यावर ठेवू? दगड द्या इकडे, गड्डे तरंगतायत."

मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी विनवण्या केल्या, देशाचा वारसा, दरीचा मान, मंडळाची खोली, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाले, "आणि वर पाटी लावू. 'कै. स्तोयमेन यांच्या घरातून प्राप्त.' छापील अक्षरात." तिथे ब्लागुना विरघळली. तीन आठवड्यांच्या बोलीवर तिने मला दिलं आणि पिंपावर माझ्याऐवजी चार विटा ठेवल्या. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. विटेखालचा कोबी त्याहून मऊ झाला. आठवड्याभरात त्याचा असा वास सुटला की कुंपणापलीकडून शेजारणीचा आवाज आला, "मांजरा, जरा विचार त्यांना, घरात काही मेलंय का म्हणून!"

ही शेजारीण देस्पा. भाजलेल्या मिरच्यांचा धूर हिच्या घरून उठून ब्लागुनाच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त मांजरामार्फत बोलत.

"मांजरा, सांग त्यांना," ब्लागुना ओरडली, "आमचा दगड संशोधनाला गेलाय! लोकांच्या घरची माणसंसुद्धा जात नाहीत!"

इकडे माझी चैन होती. मला लाल मखमलीच्या उशीवर बसवलं. दातांच्या डॉक्टरांनी मला त्यांच्या बारीक ब्रशने घासलं. मास्तरांनी माझ्यावर निबंध लिहिला. नोव्हेंबरच्या मधल्या शनिवारी सांस्कृतिक भवनात परिसंवाद ठरला आणि राजधानी स्कोप्येहून जुन्या शिलालेखांच्या मोठ्या जाणकार डॉक्टर एवदोकिया यांना बोलावलं. त्यांच्या नावामुळे, आणि शेवटी वांग्या-मिरचीची चटणी नि पाव फुकट आहे अशी बातमी फुटल्यामुळे, दीडशे माणसं आली. उपनगराध्यक्ष पहिल्या रांगेत तोंड वाकडं करून बसले. ब्लागुना नवी ओढणी बांधून तिसऱ्या रांगेत. जागा नव्हती म्हणून देस्पाला नेमकी तिच्याच शेजारी बसावं लागलं. मांजर घरी राहिल्यामुळे दोघी गप्प.

मास्तर पन्नास मिनिटं बोलले. सरदार मोयसेय कुठे जन्मला, कुठल्या घोड्यावर बसायचा, कोबी त्याला आवडत असे की नाही, सगळं त्यांनी माझ्या पाच अक्षरांतून काढलं. टाळ्या झाल्या. मला वाटू लागलं, मी खरंच कुणीतरी आहे.

मग डॉक्टर एवदोकिया उठल्या. बाई सावकाश बोलणारी, सावकाश बघणारी. त्यांनी भवनातले दिवे मालवायला सांगितले आणि हातातल्या विजेरीचा उजेड माझ्यावर आडवा, एका कडेने टाकला. झिजलेल्या रेघांत सावल्या भरल्या. समोर लावलेल्या कॅमेऱ्यातून मागच्या पडद्यावर माझं पोट भिंतीएवढं उमटलं. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग मास्तरांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "सर, आपण चहा घेऊ या का आधी?"

पण त्यांच्या गळ्यातला माइक चालू होता.

"चहा कसला? वाचा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"वाचा, डॉक्टरीणबाई," मास्तर छाती काढून म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली. "हे शेवटचं अक्षर, खाली शेपटी असलेलं. हे आपण शाळेत शिकतो ते महायुद्धानंतर. सरदारांच्या काळी हे अक्षरच नव्हतं. आणि 'देस्पो'च्या पुढे काही झिजलेलं नाही. तिथे मोकळी जागा आहे, शब्द तिथेच संपतो. दुसरा शब्द आहे 'मोया'. म्हणजे... देस्पो मोया."

आता आमच्या भाषेत देस्पा नावाच्या बाईला हाक मारायची झाली तर 'देस्पो' म्हणतात. आणि 'मोया' म्हणजे 'माझी'.

दीडशे माणसांच्या माना एकदम तिसऱ्या रांगेकडे वळल्या. गावात देस्पा एकच होती.

ब्लागुना उठली. तिचा आवाज चिरका झाला. "एकेचाळीस वर्षं! एकेचाळीस वर्षं मला उचलू दिला नाही! कंबर धरेल म्हणे!"

"मांजरा, सांग हिला—" देस्पा सवयीने म्हणाली आणि मांजर नाही हे लक्षात येऊन रडकुंडीला आली. मग तिने अकरा वर्षांत प्रथमच ब्लागुनाकडे सरळ पाहिलं. "मला काही ठाऊक नव्हतं गं! तुझं लग्न व्हायच्या तीन वर्षं आधी तो म्हणाला होता, नदीवर ये, तुला एक गंमत दाखवतो. मी गेलेच नाही."

"का नाही गेलीस?"

"त्याच्या पायांना फार वास यायचा."

ब्लागुनाने ओठ घट्ट दाबले. तिची हनुवटी थरथरली. सगळ्यांना वाटलं, आता रडणार.

"मरेपर्यंत यायचा," ती म्हणाली आणि खुर्चीत कोसळून खो खो हसू लागली. देस्पाही हसली. मग सगळं भवन असं हसलं की मी उशीवरून घरंगळून उपनगराध्यक्षांच्या बुटावर पडलो. अकरा किलो. त्यांचं हसू तेवढं थांबलं.

पण सगळे चटणीकडे धावले तेव्हा ब्लागुना एकटी माझ्यापाशी आली. चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं. "मला नाही हो कधी काही कोरून दिलंत," ती इतकं हळू म्हणाली की फक्त मला ऐकू आलं. मला सांगावंसं वाटलं की बाई, तिचं नाव त्याने दोन तासांत कोरलं आणि तुझी कंबर एकेचाळीस वर्षं सांभाळली, निमित्त काही का असेना. पण आमच्या जातीला तोंड नाही.

मास्तर पायरीवर डोकं धरून बसले होते. त्यांचा सरदार मेला होता आणि खोलीही गेल्यात जमा होती. डॉक्टर एवदोकिया त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "सर, सरदारांचे शिलालेख पुष्कळ आहेत. असा प्रेमाचा दगड, आणि तो कुणी कोरला हे सांगणारी माणसं जिवंत, हे मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. आणखी असतील का हो गावात?"

त्यांनी हे विचारायला नको होतं. माइक अजून चालूच होता.

सोमवारी सकाळपासून लोक मंडळाच्या खोलीकडे दगड घेऊन येऊ लागले. कुणी उंबरा आणला, कुणी जात्याची तळी, कुणी गोठ्याची पायरी. कुणाच्या आजोबांनी बैलाचं नाव कोरलेलं, कुणाच्या मावशीने सासूला शिवी. बुधवारपर्यंत त्रेसष्ट दगड झाले. मास्तर प्रत्येकाची हकिगत लिहून घेत होते, भुकेचं भान नव्हतं. गुरुवारी उपनगराध्यक्ष लंगडत खोलीचा ताबा घ्यायला आले, तर दारच उघडेना. आतून दगड टेकले होते. ते हलवायला क्रेन लागणार होती आणि क्रेनला बाजाराची गल्ली अरुंद. सट्ट्याचं दुकान दुसरीकडे गेलं. मास्तर आता खिडकीतून आत-बाहेर करतात.

मी मात्र त्या खोलीत राहिलो नाही. ब्लागुनाने मला हक्काने परत नेलं. पहिला कोबी फेकून द्यावा लागला होता. देस्पाने आपल्या शेतातले वीस गड्डे दिले आणि ते मांडायला स्वतः आली. बोलताना दोघींनी मांजराला मध्ये घेतलं नाही. मांजर मात्र थोडं हिरमुसलं.

"दगड तू उचल," ब्लागुना तिला म्हणाली. "तुझं नाव आहे, कंबरही तुझीच धरू दे."

मग तिने स्तोयमेनची जुनी छिन्नी शोधून आणली, अंगणात फतकल मारली आणि जीभ बाहेर काढून माझ्या पाठीवर कोरायला बसली. सबंध दुपार लागली. पुन्हा तशाच गुदगुल्या झाल्या. पण या वेळी मला काय लिहिलंय ते कळलं, कारण देस्पाने ते मोठ्याने वाचून दाखवलं :

'ब्लागुनाचा कोबी. हात लावू नये.'

सहाशे वर्षांनी मला उकरून काढणाऱ्या विद्वानांनो, माझं एवढंच मागणं आहे. ब्लागुना नावाची कुणी राणी होती आणि कोबी नावाचा तिचा किल्ला होता, असं खुशाल लिहा. तिने वाचलं तर खूश होईल.