कळे तगी

बायाक्काच्या मोगऱ्याचे सगळे कळे मी खुडले. टपोरे पांढरे खुडले आणि मुगाच्या दाण्याएवढे हिरवे होते तेसुद्धा सोडले नाहीत. हे मी कुणापासून लपवलेलं नाही. मला वेंधळी म्हणा, चालेल. पण जयाबाई जे म्हणाल्या ते मी ऐकून घेणार नाही, आणि ते हसण्यावारी नेणाऱ्यांनाही सोडणार नाही.

मी मूळची निपाणीची. घरात मराठी, शाळेत मराठी, बाजारात मराठी. लग्नानंतर नोकरीसाठी मी आणि अमरदीप बेळगावला आलो आणि वडगावात घर घेतलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे चालते करते. त्यातले निम्मे पेशंट कन्नड बोलणारे, म्हणून कामापुरतं कन्नड शिकले. काल एत्त म्हणजे पाय उचल, मडच म्हणजे दुमड, पट्टी तगी म्हणजे पट्टी काढ. माझं कन्नड गुडघ्यापुरतं, असं अमरदीप म्हणतो आणि ते खरं आहे.

शेजारी बायाक्काचं घर. खाली दोन माग, दिवसभर खडखडाट, आणि वर गच्चीवर बाग. आमच्या दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. सूत रंगवायच्या रंगाचे रिकामे ड्रम अर्धे कापून बायाक्कानं त्यात मोगरा लावलाय. माझ्या बाजूला दोडका, वांगी, कारली, थोडी मिरची. मला हे सगळं तिनंच शिकवलं. एप्रिलच्या उन्हात जुन्या साडीची सावली कशी धरायची, भाजी धुतलेलं पाणी कुठल्या झाडाला घालायचं, मिरचीचं पहिलं फूल का खुडायचं. "पैलं फूल खुडलं की झाड भरतंय," असं ती म्हणायची. घरी ती कन्नड बोलते, गल्लीत मराठी, आणि माझ्याशी मुद्दाम कन्नड. "तुला शिकवायचं तर मी मराठी बोलून कसं चालंल गं?" असा तिचा हट्ट. दर पौर्णिमेला ओंजळभर कळे ती भिंतीवरून माझ्या हातात ठेवायची. आमच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे ते ठेवले की संध्याकाळपर्यंत उमलायचे आणि सगळं घर दरवळायचं.

मेमध्ये आमच्या गच्ची मंडळाचं प्रदर्शन असतं. मंडळ म्हणजे वडगाव-शहापूरकडचे आम्ही तीसेक हौशी लोक. अध्यक्ष जयाबाई. त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर तुळस आणि कोरफड सोडून काही टिकत नाही, पण भाषण उत्तम करतात. यंदा सगळ्यांना माहीत होतं की मोगऱ्यात बायाक्काला तोड नाही. थंडी संपता संपता तिनं झाडं छाटली, पानं ओरबाडली, पाणी तोडलं, मग शेणखत घालून पाणी सोडलं. प्रदर्शनाच्या सुमारास बहर यावा म्हणून ही सगळी आखणी. आणि बहर आलाही. पानं कमी आणि कळे जास्त, अशी झाडं.

नेमकं तेव्हाच लोंढ्याला तिच्या मुलीच्या, करिष्माच्या बाळाचं बारसं निघालं. बायाक्का आणि तिचा नवरा तम्मण्णा दोघं गेले. जाताना गच्चीची किल्ली माझ्या हातात देऊन गेली. पोरीच्या हातात सुद्धा ती ती किल्ली देत नसे, म्हणून मला त्याचं अप्रूप वाटलं होतं.

प्रदर्शनाला तीन-चार दिवस असताना तिचा फोन आला. लोंढ्याच्या स्टेशनावर कुणाला तरी सोडायला आली होती. मागे गाड्यांचा आवाज, भोंग्यावरची बाई तीन भाषांत बोलतेय, आणि त्यात बायाक्का ओरडतेय, "समता, नीर हाक. मत्त कळे तगी!"

नीर हाक, पाणी घाल; मत्त, आणि. ते कळलं. तगी, काढ. तेही कळलं. आणि कळे? कळे काय, आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ठाऊक असतात.

"एल्ला?" मी घाबरत विचारलं. सगळे?

"एल्ला तगी! ओंदू बिडब्याड!"

एकही ठेवू नको. गाडीनं शिट्टी फुंकली आणि फोन तुटला. मी परत लावला, पुन्हा लावला, लागला नाही.

मी त्या झाडांपुढे कितीतरी वेळ उभी राहिले. जीव होईना. पण मोगऱ्यातलं तिला कळतं की मला? मिरचीचं फूल खुडताना असाच माझा जीव तुटला होता आणि नंतर झाड मिरच्यांनी लगडलं होतं. मी समजले, हा बहर आगाप, म्हणजे वेळेआधी आला असणार, हा काढला की प्रदर्शनाला दुसरा भरून येणार. असं होत नसतं हे मला आज कळतं. शिवाय माझ्या बुद्धिवान डोक्यात असंही आलं की बारशाला गजरे लागत असतील. म्हणून खुडलेले कळे ओल्या फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले. झाडांना बोटंसुद्धा लागू नयेत इतकं जपून खुडले होते.

बायाक्का परतली ती प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर. कोणते ड्रम न्यायचे ते ठरवायला जयाबाई आणि मंडळातल्या दोघी-तिघी तिच्याबरोबरच वर चढल्या. जिन्याचं दार मी आधीच उघडून ठेवलं होतं. मी डबा घेऊन हसत भिंत ओलांडली. बायाक्का झाडांकडे बघत होती. मग ती मटकन खाली बसली.

"ह्ये काय केलंस गं?"

"तुम्हीच सांगितलं," मी म्हणाले.

"मी?"

तेवढ्यात जयाबाईंनी तोंड उघडलं. मोठ्यानं नाही बोलल्या, सगळ्यांना नीट ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या. "ज्येंच्या घरात देवच न्हाय, त्येंच्या हातात देवाच्या फुलांची किल्ली दिलीस, बायाक्का. आता रडून काय उपेग?"

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. म्हणजे वाक्य सगळ्यांना पोचलं होतं. मी बायाक्काकडे बघितलं. दर पौर्णिमेला मला ओंजळभर कळे देणारी बायाक्का. तिला माहीत होतं ते कळे कुठं ठेवले जातात. ती काहीच बोलली नाही.

मग माझा तोल सुटला. "कळे तगी म्हणालात! एल्ला तगी म्हणालात! ओंदू बिडब्याड म्हणालात! मी विचारलं होतं सगळे का म्हणून!"

आणि मग तम्मण्णा, जो जिन्यात पिशव्या घेऊन उभा होता, तो फिसकन हसला. त्यानं पिशव्या ठेवल्या, एका ड्रमपाशी गेला आणि झाडाच्या बुडात माजलेली घोळ आणि हरळी मुळासकट उपटून माझ्यापुढे धरली.

"अगं पोरी, ह्येला म्हंत्यात कळे! कन्नडात कळे म्हंजे तण!"

झालं. बायाक्का डोळे पुसता पुसता हसायला लागली. त्या दोघी-तिघी हसल्या. कुणीतरी म्हणालं, तण ठेवलं आन मोगरा काढला, लई भारी! आणि सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल? जयाबाई. पोट धरून हसल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "भाषेचा घोटाळा गं, दुसरं काय! सोड आता, मनावर घिऊ नगंस."

मी नाही हसले. कळ्यांचा घोटाळा भाषेनं केला, मान्य. पण त्यांचं ते वाक्य? ते तर स्वच्छ मराठीत होतं. त्यात एकही शब्द असा नव्हता ज्याचा कन्नडमध्ये दुसरा अर्थ निघेल. एका हशात दोन्ही गोष्टी धुऊन काढायच्या, ही कुठली रीत? मी डबा खाली ठेवला, किल्ली भिंतीवर ठेवली आणि माझ्या बाजूला गेले. मागून बायाक्कानं हाक मारली, मी वळले नाही.

अमरदीपला सांगितलं तर तो बराच वेळ स्कूटर पुसत बसला. पुसायला काही शिल्लक नव्हतं तरी पुसत होता. आमच्या घरांना असली वाक्यं नवीन नाहीत. आज्ज्यानं पाणवठ्यावर ऐकली, सासऱ्यांनी कचेरीत ऐकली, मला वाटलं होतं निदान गच्चीवर ऐकावी लागणार नाहीत. शेवटी तो म्हणाला, "उद्या जाऊ नकोस प्रदर्शनाला."

"का नाही? दोडका मी वाढवलाय," मी म्हणाले. "न जायला मी काय केलंय?"

गेले. गल्लीच्या समाजमंदिरात टेबलं मांडली होती. जास्वंद, झेंडू, कुंडीतले टोमॅटो, कुणाची तरी लांबलचक पडवळं. माझा दोडक्याचा वेल मी काठीला बांधून नीट उभा केला. समोरच्या टेबलावर बायाक्कानं आपला मोगऱ्याचा ड्रम आणून ठेवला होता. नुसती पानं. ती आणेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पाहुणे आले. बिनफुलांचा मोगरा बघून त्यांनी विचारायचं तेच विचारलं. जयाबाईंना आयतं व्यासपीठ मिळालं. माईक हातात घेऊन त्यांनी सगळी कथा रंगवून सांगितली. लोंढ्याचं स्टेशन, गाडीची शिट्टी, एल्ला तगी, ओंदू बिडब्याड, माझ्या आवाजाची नक्कल, तम्मण्णाच्या हातातली घोळ. हॉल हसून हसून दमला. गोष्ट पूर्ण झाली. एक वाक्य सोडून. ते त्यांनी इतक्या सफाईनं गाळलं की शिलाईसुद्धा दिसली नाही. आता उठून बोलायचं असं मी ठरवलं आणि उभी राहिले.

पण माझ्या आधी समोरच्या टेबलावरून आवाज आला.

"पुरं सांग की, जया."

बायाक्का चार लोकांत कधी बोलत नाही. "मधलं का गाळलंस? गच्चीवर तू काय म्हणालतीस समताला? त्ये बी सांग. लोकास्नी कळू दे की."

"अगं, त्ये आपलं असंच..." जयाबाईंनी माईक खाली घेतला.

"असंच न्हाय. सांग."

जयाबाई माईकचं बटण चाचपायला लागल्या. ज्या दोघी-तिघी आदल्या दिवशी गच्चीवर होत्या त्या झेंडूकडे बघत बसल्या. तेव्हा बायाक्कानंच ते वाक्य सांगितलं. जसंच्या तसं, मराठीत. पाहुण्यांपैकी एकानं चष्मा काढून पुसला, कुणी हसलं नाही.

"त्यांच्या घरात माझी फुलं बुद्धाम्होरं बसत्यात, त्ये मला ठाव हुतं," बायाक्का म्हणाली. "तरीबी मी गप बसलो. फुलं गेली म्हणून मला रडू आलं, पर त्येच्यापायी माणूस घालवलं. फुलं काय, पुन्यांदा येत्यात."

एवढं बोलून ती टेबलामागून निघाली, माझ्यापाशी आली आणि माझ्या हातात गच्चीची किल्ली दाबली. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. जयाबाईंनी अजून माफी मागितलेली नाही, आणि त्यांना अध्यक्षपदावरून काढण्याचा अर्ज मी मंडळाकडे देणारच आहे. पण त्या वेळी मी ती किल्ली मुठीत घट्ट धरली.

"समता," बायाक्का मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "कळे तगी."

या वेळी मी विचारून घेतलं. "मराठी कळे की कन्नड कळे?"

बायाक्कानं माईक धरून उभ्या असलेल्या जयाबाईंकडे बघितलं.

"कन्नड," ती म्हणाली. "ओंदू बिडब्याड."