सहा बावन्न

सहा बावन्नची गाडी सहा पंचावन्नपर्यंत फलाटाला लागलेली नव्हती. फलाटावर ती आणि तिचे वडील, दोघंच उभे होते.

वडिलांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

"तीन मिनिटं," ते म्हणाले. चूक जणू त्यांच्याच हातून झाली होती.

पुढच्या सोमवारी तिला मोठ्या शहरातल्या न्यायालयात लघुलेखिका म्हणून रुजू व्हायचं होतं. तिथलं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून घर बाहेरच्या गावात घ्यायचं. गावं दोन. पुलापलीकडचं गाव शहरापासून अडतीस मिनिटांवर. पण गाडी तिथे येते ती खचाखच भरूनच. हे दुसरं, लाइनीचं शेवटचं गाव, एकाहत्तर मिनिटांवर. पण गाडी इथूनच सुटते, त्यामुळे हमखास बसायला मिळतं. एजंटला आज आठ वाजेपर्यंत कळवायचं होतं. गेले तीन आठवडे सकाळी एक गाव पक्कं व्हायचं आणि जेवताना दुसरं. भाऊ फोनवर वैतागून म्हणाला होता, नाणं उडव. तिने खरंच उडवलं. ते कपाटाखाली गेलं आणि तिने काढलं नाही.

वडिलांचं मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. रेल्वेच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांचे आलेख काढले होते. आडव्या रेघांवर स्टेशनं, उभ्या रेघांवर वेळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. तिच्यासाठीही त्यांनी पट्टी लावून पेन्सिलीने एक आलेख काढून दिला होता. त्यात सहा बावन्नची रेघ सर्वांत ठळक होती. उभं राहून अडतीस मिनिटं काढण्यापेक्षा बसून एकाहत्तर बरी, असं त्यांचं म्हणणं. वाचता येईल, डुलकी काढता येईल. आज ती गाडी तिला दाखवायचीच म्हणून त्यांनी काल इथल्या लॉजवर मुक्काम करायला लावला होता.

तिने दोन्ही घरांच्या भिंतींची ओल हात लावून पाहिली होती, नळाचं पाणी पाहिलं होतं, दवाखाना किती पावलांवर आहे तेही मोजलं होतं. गाड्यांच्या वेळा तेवढ्या पाहिल्या नव्हत्या. त्यांच्या घरात घड्याळं वडिलांना विचारून लावत; त्यांचा आलेख कोण तपासणार?

अडतीस मिनिटांच्या बाजूने एक कारण होतं, ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. गेल्या महिन्यात वडील कोपऱ्यावरून ब्लेडं आणायला गेले आणि अडीच तासांनी रिकाम्या हातांनी परतले. जरा फिरलो, म्हणाले. तिने ते मानलं. पण नोकरी सुरू झाली की दिवसभर ते घरी एकटेच असणार होते.

सहा अठ्ठावन्नला ती तिकीटखिडकीशी गेली. आतल्या बाईने चहाचा पेला बाजूला ठेवला.

"सहा बावन्न? पहिली सहा एकतीस, ती गेली. आता सात चौदा."

"आणि मधली?"

"ती केव्हाच बंद झाली. मी इथे लागले त्याच्याही आधी. नऊ वर्षं तरी झाली असतील." बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"घरच्यांनी," ती म्हणाली.

खिडकीशेजारी छापील वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तिने पर्समधून आलेख काढून त्याच्याजवळ धरला. सहा एकतीसची रेघ आलेखात नव्हती. सात चौदाची नव्हती. तिने खालपर्यंत बोट नेलं. एकही गाडी जुळेना. रेघा मात्र सगळ्या सरळ होत्या, कुठे खाडाखोड नाही.

ती परत आली तेव्हा वडील त्याच जागी उभे होते, पिशवी दोन्ही हातांत धरून.

"काय म्हणाली?"

तिने आलेखाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"येईल म्हणाली."

सात वाजून एक मिनिटाने एक गाडी सावकाश फलाटात शिरली. घोषणा झाली नव्हती. डब्यांत दिवे होते, माणूस एकही नव्हता. इंजिनावरची पाटी कोरी होती. गाडी थांबली.

"नऊ मिनिटं लेट," वडील म्हणाले. "आज कुणाची तरी खरडपट्टी निघणार."

आणि ती काही बोलायच्या आत ते चढलेसुद्धा. खिडकीशी बसले, शेजारच्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली. त्यांना खाली उतरवायला म्हणून ती मागोमाग चढली.

"बाबा, ही गाडी आपली नसेल."

"बस गं ठमे. जागा मिळाली की नाही, ते सांग."

जागा मिळाली होती. सात चारला गाडी हलली. तिकीटखिडकीतली बाई फलाटावर येऊन कपाळावर हात धरून बघत होती.

वडिलांनी आलेख मागून घेतला, खिशातली पेन्सिल काढली आणि पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद टेकवून सात चारपासून एक नवी रेघ काढायला घेतली. थोडी वर नेली. मग पेन्सिल थांबली. त्यांनी बाहेर पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि तिच्याकडे.

"आपल्याला उतरायचंय कुठे?"

तिच्या हातातला फोन थरथरला. एजंटचा निरोप होता: कुठलं घर धरू?

सात वाजून सहा मिनिटांपर्यंत तिने दोघांनाही उत्तर दिलेलं नव्हतं.