अपेंडिक्स फुटल्याची आनंदवार्ता

रविवारी सकाळी हिंदी मुलखातल्या अलीगंजमध्ये, कांबळ्यांच्या घरात पोह्यांसाठी मटार सोलता सोलता रुचा पोट धरून आडवी झाली. कळ आधी बेंबीपाशी होती, मग उजवीकडे खाली उतरली. निदानाला मुळीच वेळ लागला नाही. वडील आत्माराम म्हणाले, गॅस. आई प्रतिमा म्हणाली, नजर. लग्न ठरलेल्या मुलीला लागतेच. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "नाभि खिसक गई है!"

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मात्र काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, "पीरियड कब आया था? प्रेग्नन्सी टेस्ट करके सोनोग्राफी करेंगे."

आत्माराम ताडकन उठले. "इसकी शादी नहीं हुई है, मॅडम!"

"दर्द शादी का कार्ड नहीं देखता, अंकल. इस उम्र में सबका करते हैं."

"बाबा, करू द्या ना," रुचा कण्हली.

"करू द्या म्हणजे?"

त्यांनी तिला घरी आणून ओवा चारला. संध्याकाळी दुखणं एकाएकी थांबलं आणि ओव्याचा विजय जाहीर झाला. आत अपेंडिक्स फुटलं होतं, पण त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. रुचाने निरंजनला, होणाऱ्या नवऱ्याला, हळूच फोन करून टेस्टचं सगळं सांगितलं. फक्त त्यालाच.

सकाळी ती तापाने फणफणली, पोट लाकडासारखं झालं. पुन्हा तोच दवाखाना. टेस्ट निगेटिव्ह. अपेंडिक्स फुटलेलं.

"जान को खतरा है," डॉक्टर म्हणाल्या.

आत्मारामांचा चेहरा उजळला. त्यांनी व्याह्यांना फोन लावला, "बधाई हो जी, अपेंडिक्स ही निकला!"

स्ट्रेचरवरून रुचा बापाचा आनंद पाहत होती. म्हणजे रात्रभर ह्यांना भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, तेव्हा निरंजनचा मेसेज आला होता. "कैसी हो? वो टेस्ट की रिपोर्ट भेज दो यार. मुझे नहीं, मम्मी को तसल्ली चाहिए."

काढलेलं अपेंडिक्स डॉक्टरांनी प्रतिमाला दाखवलं होतं. घाबरत घाबरत तिने त्याचा फोटो काढून ठेवला होता.

"आई, तो फोटो मला टाक. रिपोर्टऐवजी तोच पाठवते निरंजनला."

"अगं, लग्न मोडेल."

"टाक."

रुचाने तो निरंजनला पाठवला. खाली लिहिलं, "अंदर यही था. मम्मी को दिखा देना. शादी कैंसल."

आत्माराम पेढे घेऊन आत आले आणि लग्न मोडल्याचं ऐकून हबकले. "अगं, पण टेस्ट निगेटिव्ह आहे ना! मग अडचण काय?"

"पॉझिटिव्ह आली असती, तर मला वाचवलं असतंत, बाबा?"

आत्मारामांनी आधी पेढ्यांचा पुडा नीट बंद केला. मग 'हो' म्हणाले. म्हणाले नक्की, फक्त जरा वेळ लागला. अपेंडिक्स तेवढ्या वेळातच फुटतं.