मे महिन्यातली भिंत

धनाजीनं पहार मारली आणि ठिणगी उडाली. म्हसवडच्या माळाचा मुरूम तो, सुभेदाराचीसुद्धा भीड ठेवत नाही.

फौजेतून पेन्शनीवर येऊन जेमतेम आठवडा झाला होता, पण घर गार ठेवायचा बेत त्याच्या डोक्यात पाच वर्षांपासून पक्का होता. दक्षिणेला तीन कडुनिंब. खड्डे आत्ता मार्चातच काढायचे, उन्हाळाभर तापू द्यायचे, पावसाळा लागला की रोपं. बोअरचं पाणी तीनच झाडांना पुरणार. जागा चुकली तर दहा वर्षं फुकट.

हरणाबाई शेळ्यांना पाला टाकून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं, हितं कशाला? सैपाकघराच्या मागं खणा की."

"मागं उत्तर हाय. तिकडं कुठलं ऊन?"

"दिवस मावळंपातुर भिंत भाजती. हात लावू देत न्हाई."

"हरणे, मी मोजलंय. दर रजंला. वहीत लिवलंय सगळं."

"कवाच्या रजंला?"

धनाजीनं हात पुसून वही उघडली. सावलीची लांबी, वेळ, तारीख, सगळं टापटीप. डिसेंबर. डिसेंबर. एक जानेवारी, आईच्या बाराव्याला आला होता तेव्हाची. पुन्हा डिसेंबर. रजा मार्गशीर्षातल्या रथाच्या यात्रेलाच मिळायची.

"मे म्हयन्यात सूर्य घरावरनं पलीकडं उत्तरंला जातो," हरणाबाई म्हणाली. "मावळतो त्या बाभळीमागं. पर तवा तुमी कुटं हुता?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच धनाजीला जास्त लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांत आपल्या घराचा एकही उन्हाळा त्यानं पाहिला नव्हता. पोरं त्या भिंतीआड वाढली, आई त्याच खोलीत गेली.

त्यानं खुणा आखायच्या चुन्याच्या फक्कीचं डबडं तिच्या हातात दिलं.

"तूच आख."

ती घरामागं गेली आणि पावलं न मोजता तीन गोल काढून मोकळी झाली. दोन जवळ, तिसरा पार लांब.

"खिडकीम्होरं एवढी जागा का सोडली? ऊन यील की तिथनं."

"येऊ दे. तिथनं फाट्यावरची एस्टी दिसती."

"आता कुणाची वाट बघायचीय?"

"न्हाई कुणाची," ती म्हणाली. "पर दिसाय पायजे."

धनाजी खिडकीपाशी उभा राहिला. फाटा सरळ समोर होता. मग तो खाली वाकला आणि ती जागा मोकळी सोडून त्यानं पहिल्या गोलावर पहार मारली.