गॅलरीचं सरकतं दार

काचवाल्याने सिगारेट सोडली हे गल्लीत कुणालाच खरं वाटलं नाही, आणि वाटायचं काही कारणही नव्हतं. याआधी त्याने ती चार वेळा सोडली होती. प्रत्येक वेळी गाजावाजा करून, सगळ्यांदेखत लायटर कचऱ्यात टाकून. आणि प्रत्येक वेळी त्याच कचऱ्यात कोपरापर्यंत हात घालून त्याने तो परत काढला होता. पाचव्या वेळी मात्र स्वारी गप्प होती. एक आरसा दुसऱ्या मजल्यावर चढवताना दम लागून मध्येच जिन्यात बसावं लागलं, तेव्हा तो घाबरला. डॉक्टरांकडे जाऊन आला, लायटर गुपचूप कचऱ्यात टाकला आणि ओढायचं बंद केलं.

त्याला महिना होत आला होता. महिना हा शब्द म्हणायला सोपा आहे. त्या महिन्यात त्याने एका केशकर्तनालयाचे आरसे तिरके कापले, चांगल्या गिऱ्हाइकांवर खेकसला आणि स्वतःच्याच मोजपट्टीला शिव्या घातल्या. चहाचा कप उजव्या हातात आला की डावा हात आपोआप खिशाकडे जायचा आणि तसाच परत यायचा. जेवण झाल्यावर तर जीव नुसता कासावीस व्हायचा. डॉक्टर म्हणाले होते, "तलफ म्हणजे आगंतुक पाहुणी समजा. पाच-सात मिनिटं दारात उभी राहते. खुर्ची दिली नाही की आल्या पावली जाते." काचवाला खुर्ची देत नव्हता. लवंगा चघळत होता, तांब्या तांब्या पाणी पीत होता, खिडकीला लावायच्या रबराचा तुकडा बोटांना गुंडाळत होता आणि सोडत होता.

एका गोष्टीचा त्याला मनातून अभिमान वाटत होता. त्याची बायको बालवाडीत शिकवायची. मागच्या चारही वेळी ती मुलांची नखं तपासावीत तशी रोज संध्याकाळी त्याची बोटं नाकाशी धरायची. मग तो हात साबणाने घासून घरी यायचा, आणि साबणाचा वास आला की ती ओळखायची. या खेपेला तिने एकदाही बोटं हुंगली नव्हती. अखेर विश्वास बसला म्हणायचा, असं त्याने धरून ठेवलं होतं.

सिगारेट सुटली तरी गॅलरी सुटली नव्हती. पायांना सवय होती, ते घेऊन जायचे. त्या गॅलरीचं सरकतं दार म्हणजे काचवाल्याच्या हातचं सगळ्यात देखणं काम. लेक रांगायला लागली तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, धूर आत येतो. पोरीला खोकला होतो." यावर काचवाल्याने सिगारेट कमी केली नाही. दार बनवलं. दुहेरी काच, ॲल्युमिनियमची चौकट, चारी बाजूंनी रबर. ते ओढून घेतलं की धुराची रेघसुद्धा आत जायची नाही, आणि आवाजही इकडचा तिकडे व्हायचा नाही. घरी कुणी आलं की तो बाहेर उभा राहून मोठमोठ्याने ओरडून दाखवायचा आणि पाहुणे आत बसून माना डोलवायचे.

वीसेक वर्षं, दिवसातून कितीतरी वेळा, तो त्या काचेबाहेर उभा राहून आतल्या दोघींकडे बघत आला होता. बायको भाजी निवडते आहे, तिचे ओठ हलताहेत. लेक मान हलवते आहे. दोघी हसताहेत. मध्येच बायको डोळे पुसते आहे, कांदा असेल. आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं ते सगळं चालायचं. ह्या बोलतात काय, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. भाजी आणि भाजीचे भाव, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी तो असाच गॅलरीत गेला. धूर नाही म्हटल्यावर दार गच्च ओढायचं कारण नव्हतं. चार बोटं फट राहिली. तो रस्त्याकडे तोंड करून, कठड्यावर कोपरं टेकून लवंग चघळत उभा राहिला.

"गेले का बाहेर?" आतून बायकोने विचारलं.

"गेले," लेक म्हणाली. तिला घरात सगळे मनी म्हणत, कारण ती मांजरीसारखी पाय न वाजवता चालायची.

मग बायकोचा आवाज बदलला. बालवाडीतला तो खणखणीत, गाण्याचा आवाज कुठल्या कुठे गेला. हा खालचा, दमलेला आवाज काचवाल्याने लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता.

"गुरुवारी सकाळी लवकर बोलावलंय. आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही."

"गाठ कसली आहे ते लगेच कळेल?"

"काढतील, तपासायला पाठवतील. तसलं काही निघालं तर पुढचं पुढे."

काचवाल्याच्या दातांखाली लवंग फुटली. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. त्याला वाटलं, मागे वळावं, पण मान वळेना.

"आई, बाबांना कधी सांगणारेस?"

"गुरुवारी, निघताना."

"हे बरोबर नाहीये."

"अगं, महिना झाला त्यांना. एवढं कधी टिकले नव्हते. तुझे आजोबा गेले तेव्हा सुटलेली होती, त्याच दिवशी पुन्हा धरली. तू नापास झालीस तेव्हाही तेच. त्यांना काही सांगायचं म्हणजे हातात पाकीट देण्यासारखं आहे. जेवढे दिवस सुटतेय तेवढे सुटू दे."

"आणि गुरुवारी कळल्यावर ओढतील त्याचं काय?"

"ओढणारच. त्याची सोय केलीय मी."

"कसली सोय?"

"केलीय म्हटलं ना. तू ती भाजी चिर."

गाठ. कधी हाताला लागली, कुणी तपासली, कोण बरोबर गेलं होतं? तो त्याच घरात होता. रोज रात्री तिच्या शेजारी झोपत होता, रोज जेवताना तिच्या समोर बसत होता. त्याने दार सरकवलं. स्वतःच बसवलेलं ते दार इतकं हलकं सरकलं की दोघी दचकल्या.

"काय हो, आज लवकर आटोपलं?" बायकोने विचारलं. बालवाडीचा आवाज क्षणात परत आला होता.

"पाणी," तो म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे न जाता आतल्या खोलीत गेला.

सोय म्हणजे काय, ते त्याला कळेना. त्याने कपाट उघडलं. एरवी कपाटावर मुडपून पडलेली असायची ती कापडी बॅग खालच्या खणात भरून ठेवलेली होती. चेन उघडली. वर दोन गाऊन, कंगवा, सपाता, चष्म्याचं घर. त्याखाली घडी केलेला टॉवेल. टॉवेलाच्या घडीत काहीतरी टणक लागलं.

सिगारेटचं पाकीट. त्याचंच, नेहमीचं. वरचं चकचकीत वेष्टन तसंच, ते सोडायची लाल पट्टी जागच्या जागी. आणि त्याला टेकवून त्याचा लायटर. महिन्यापूर्वी त्याने कचऱ्यात टाकलेला. या खेपेला कोपरापर्यंत हात तिने घातला होता.

तो मटकन पलंगावर बसला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि त्याच कोरड्या तोंडाला तलफ आली, अशी की आजवर आली नव्हती. ही पाहुणी दारात थांबली नाही, थेट आत येऊन बसली. आज ओढलीस तर कोण नाव ठेवील, ती म्हणाली. बायकोनेच दिलीय. लाल पट्टीचं टोक त्याच्या नखाखाली आलंसुद्धा. आणि मग त्याला उमगलं की खरंच कुणी नाव ठेवणार नाही. त्याला आधीच माफ करून ठेवलं होतं. गाऊन आणि कंगव्याबरोबर ती माफीही घडी करून बॅगेत भरली होती. या गोष्टीने तो जितका हादरला तितका गाठीच्या बातमीनेही हादरला नव्हता.

बायको दारात येऊन उभी राहिली. बॅग बघितली, पाकीट बघितलं.

"ऐकलंत?"

त्याने मान हलवली.

"दार ओढलं नव्हतं होय," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

"हे कशाला?" त्याने पाकीट पुढे केलं.

"हॉस्पिटलच्या आसपास एकही दुकान नाही. मी बघून आलेय. तुम्ही शोधत लांब कुठेतरी जाल. जवळ असलं तर निदान फाटकापाशी उभे राहून ओढाल. मनीला वरून हाक मारता येईल."

हे ती भांडण म्हणून बोलत नव्हती. उद्या पाऊस आला तर छत्री असावी, इतक्या साध्या हिशेबाने बोलत होती. काचवाल्याला मनीच्या जन्माचा दिवस आठवला. नर्स बाळ घेऊन बाहेर आली होती, "बरोबर कोण आहे?" म्हणून दोनदा विचारलं होतं आणि बाकडं रिकामं होतं. काचवाला फाटकाबाहेर होता. शेवटी दुसऱ्याच कुणाची तरी आजी पुढे झाली आणि मनी पहिल्यांदा त्या अनोळखी बाईच्या मांडीवर गेली. ही गोष्ट घरात प्रत्येक बैठकीत निघायची. काचवाला स्वतःच ती रंगवून सांगायचा, त्या आजीची नक्कल करायचा, आणि बायको हसायची. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, ती हसायची का खरंच?

"कधीपासून तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे असं बोलता?"

"पाठीमागे कुठे? तुमच्यासमोरच बोलायचो. तुम्ही बघत असायचात की काचेतून."

"आणखी काय काय बोललात?"

"राहू द्या."

"सांग."

ती थोडा वेळ गाऊनची घडी सारखी करत राहिली. "मनी चौथीत होती. मी हे घर सोडून आईकडे जायचं ठरवलं होतं. मनीला विचारलं, येतेस का. तुम्ही गॅलरीत ओढत होतात. तिने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तिला हात केलात. ती म्हणाली, नको."

त्याने हात केला असेल. नेहमीच करायचा. काचेतून लेकीने बघितलं की हसून हात हलवायचा आणि पुढचा झुरका घ्यायचा. त्यातल्या एका हाताने त्याचा संसार वाचला होता आणि कुठल्या, ते त्याला आठवेना. आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं त्याच्या बाजूला.

त्याला शपथ घ्यावीशी वाटली. पण चार शपथा ह्याच पलंगावर बसून झाल्या होत्या, तेव्हा तोंड उघडायची त्याला लाज वाटली. त्याने पाकीट आणि लायटर होते तसे टॉवेलाच्या घडीत ठेवले आणि बॅगेची चेन लावली.

"गुरुवारी बॅग मी धरीन," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे बघितलं.

गुरुवारी तिला आत नेलं आणि काचवाला बाकड्यावर बसला. मनी औषधं आणायला खाली गेली. बॅग मांडीवर होती आणि पाकिटाचा कोपरा कापडातून त्याच्या मांडीला टोचत होता. लवंगांनी जीभ केव्हाच सोलवटली होती. तलफ आली, गेली, पुन्हा आली. एकदा तो उठला, जिन्यापर्यंत गेला. जिन्याच्या खिडकीतून फाटक दिसत होतं आणि फाटकापाशी एक माणूस पाठ करून उभा होता, डोक्यावर धूर. हा आपलाच कुणी सख्खा भाऊ असावा असं काचवाल्याला वाटलं. तो परत येऊन बसला आणि बॅगेचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला, सुटा नको म्हणून.

दार उघडलं. नर्स बाहेर आली.

"बरोबर कोण आहे?"

तो इतक्या झटक्यात उठला की मनगटाला बांधलेली बॅग गुडघ्यावर आपटली. "मी," तो म्हणाला. नर्सने ऐकलं होतं, तरी त्याने पुन्हा सांगितलं, "मी आहे."

डॉक्टर आले, बोलले, त्याने दोन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. थोड्या वेळाने तिला खोलीत आणलं. गुंगी पुरती उतरली नव्हती. डोळे न उघडताच तिने चाचपडत त्याचा हात ओढला आणि बोटं नाकाशी नेली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

"साबण लावून आलात?" तिने पुटपुटत विचारलं.

त्याने बॅगेतलं पाकीट काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. तिचा अंगठा वेष्टनावरून फिरू लागला. कडेने गेला, कोपऱ्यावर थांबला, वळला, पुन्हा कडेने गेला. लाल पट्टी हाताला लागली. टोकापासून टोकापर्यंत सलग होती. तिने ती दुसऱ्यांदा चाचपली आणि मग तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

मनी औषधांची पिशवी घेऊन आत आली. आईला जाग आलेली बघून घाईने पुढे झाली. "आई, काय म्हणाले गं डॉक्टर? मला खाली रांगेत फार वेळ लागला."

"मला काय माहीत," ती म्हणाली. मग तिने डोळे उघडले आणि काचवाल्याकडे बघितलं. आवाज तोच होता, खालचा, दमलेला, काचेच्या आतला.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "काय काय म्हणाले, सगळं सांगा."